कार्ड करप्ट झालं तर फोटो कसे काढायचे: आधी इमेज, मग बाकी सगळं

हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो एकाच कार्डात, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'कार्ड एरर'. फोटो परत मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतं. कोणी फॉरमॅटला 'हो' म्हणतं, कोणी विंडोजचं चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवतं, तर कोणी घाईघाईत उतरवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवतं. कार्डाने घालवले त्यापेक्षा असल्या उपायांनी घालवलेले फोटो मी जास्त पाहिलेत.

म्हणून या लेखात भर एकाच गोष्टीवर आहे. कार्ड शक्यतो एकदाच वाचायचं, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे कार्डावरचा साठवणीचा लहानसा कप्पा) शेवटच्यापर्यंत, आणि त्याची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची. या फाइलला इमेज म्हणतात. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर करायचे. इमेज बिघडली तर दुसरी प्रत काढता येते, कार्ड बिघडलं तर विषय संपला.

पहिली दहा मिनिटं

कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढा. 'चालतंय का बघू' म्हणून एक टेस्ट शॉटसुद्धा नको. एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो, सहज २५-३० एमबी जागा घेते, आणि ती जागा तुमच्या हरवलेल्या फोटोचीच असू शकते.

कार्डाच्या कडेची लॉकची खिटी खाली सरकवा, पण तिच्यावर विसंबू नका. तो नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे. तो कुठे आहे हे रीडर बघतो, कार्डाला त्याचा पत्ताच नसतो. काही रीडर त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करतात. मायक्रोएसडीला खिटी नसते, त्यामुळे ते अॅडॉप्टरमध्ये घालून अॅडॉप्टर लॉक करा.

विंडोजमध्ये कार्ड लावल्यावर 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असा निरोप आला तर 'कॅन्सल'. मॅकवर डिस्क वाचता येत नाही असं सांगून 'इनिशियलाइज'चा पर्याय पुढे येतो, तिथे 'इग्नोर' निवडा. 'स्कॅन अँड फिक्स' आणि चेकडिस्क यांनाही हात लावू नका. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कार्डावर कुठे आहे याची नोंदवही, पुन्हा सुसंगत करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं नव्हे. जिथे मेळ बसत नाही तिथे ते नोंदी कापून टाकतं आणि उरलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइली करून ठेवतं. फाइलचे तुकडे जोडणाऱ्या नोंदींच्या तुटक्या साखळ्यांवरून कधीकधी बरंच काही जुळवता आलं असतं, ती वाट त्याने बंद होते.

कार्ड मोबाइलमध्ये घालून बघायचा मोहही टाळा. अँड्रॉइड फोन कार्ड मिळाल्याबरोबर त्यावर स्वतःचे फोल्डर तयार करतो, म्हणजे न विचारता लिहायला लागतो.

बिघाड कार्डाचा की रीडरचा?

हे आधी बघायलाच हवं, कारण 'मेलेलं' म्हणून आलेलं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये निमूटपणे उघडलं असं बरेचदा होतं. दुसरा रीडर, दुसरा यूएसबी पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर, या क्रमाने बघा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा बरा. जुने रीडर ३२ जीबीपर्यंतचीच, म्हणजे एसडीएचसी कार्डं नीट ओळखतात. त्याहून मोठी कार्डं एसडीएक्ससी जातीची असतात आणि एक्सफॅट फाइल सिस्टिमवर चालतात, तिथे जुना रीडर किंवा जुना कॉम्प्युटर गोंधळतो.

कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या नीट बघा. साध्या एसडीला ९ असतात, यूएचएस-२ या जास्त वेगाच्या कार्डाला खाली आणखी एक रांग असते. त्यांवर काळपट थर किंवा हिरवट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ब्लेड किंवा सँडपेपर नको, मुलामा निघतो. कार्ड पाण्यात पडलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पाण्याने आतली मेमरी पुसली जात नाही. समुद्राचं पाणी असेल तर मात्र आधी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ पट्ट्या खातं. मग सावलीत सुकवा. हेअर ड्रायर नको.

आता विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट किंवा मॅकचं डिस्क युटिलिटी उघडा आणि फक्त एक आकडा बघा: कार्डाची क्षमता. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये साधारण ५९-६० जीबी दिसलं तर ते बरोबरच आहे. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४च्या. क्षमता बरोबर दिसतेय आणि फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ' लिहिलंय, म्हणजे कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी आतली चिप) जिवंत आहे, फक्त फाइलींचा हिशेब बिघडलाय. घरी काम होण्याची आशा इथे सगळ्यात जास्त. (इथल्या 'रॉ'चा कॅमेऱ्याच्या रॉ फोटोंशी काही संबंध नाही, यावरून फोनवर बरेच गोंधळ होतात.)

क्षमता शून्य, 'नो मीडिया', किंवा ६४ जीबीच्या जागी काही एमबी असं काही दिसलं तर आतला कंट्रोलर गेलाय. कार्ड लावल्यावर हाताला चटका बसण्याइतकं तापत असेल तर लगेच काढा. या दोन्ही प्रकारांत कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगी नाही. खालचं सगळं सोडून लॅबच्या भागाकडे जा.

आणखी एक चमत्कारिक प्रकार असतो. फाइल डिलीट होते, पण कार्ड काढून लावलं की परत हजर. फॉरमॅट केलं तरी सगळं जसंच्या तसं. लोकांना ही भुताटकी वाटते. झिजलेल्या कार्डाचा कंट्रोलर लिहिणं थांबवून फक्त वाचू देतो, तेव्हा असं होतं. फोटो काढण्यासाठी याहून सोयीची अवस्था नाही, ताबडतोब कॉपी करून घ्या.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं

सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन जागची हलत नाही. नवा मालक येऊन नांगर घालेपर्यंत जुनं पीक तसंच उभं असतं. फॅट-३२ मध्ये फाइल डिलीट केली की तिच्या नोंदीचं पहिलं अक्षर बदलतं आणि तिने अडवलेले तुकडे 'मोकळे' म्हणून लिहिले जातात. एक्सफॅटमध्ये नोंदीतला 'वापरात आहे' हा एक बिट शून्य होतो. फोटोचा मजकूर जागेवरच असतो.

कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅटही बहुधा नोंदवही कोरी करून देतो, एवढंच. 'लो लेव्हल फॉरमॅट'चा पर्याय टिक केला असेल तर गोष्ट वेगळी. काही कॅमेरे साध्या फॉरमॅटमध्येही कार्डाला मेमरीचे ब्लॉक पुसायचा आदेश देतात. त्यानंतर कार्ड वाचलं तर शून्यंच मिळतात. तेव्हा 'फॉरमॅट झालेलं कार्ड हमखास परत येतं' असं छातीठोक सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नका.

इमेज काढणे

जागेचा हिशेब आधी. ६४ जीबीच्या कार्डाची इमेज ६४ जीबीचीच होते, फोटो पाच असोत की पाच हजार. त्यातून निघणारे फोटो वेगळे साठवायचे, म्हणून डिस्कवर १३० जीबी तरी मोकळे हवेत. बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल तर ती फॅट-३२ नसावी, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. वेळ रीडरवर अवलंबून आहे. सेकंदाला २५ एमबीने वाचणारा रीडर ६४ जीबीला पाऊण तास घेईल, तोही कार्ड निरोगी असेल तर.

विंडोजवर 'एचडीडी रॉ कॉपी टूल' हे मोफत साधन सोपं पडतं. वाचता न येणारा सेक्टर आला तरी ते थांबत नाही, पुढे जातं. पहिल्या पडद्यावर स्रोत म्हणून कार्ड निवडा (क्षमता बघूनच, नावावर जाऊ नका). दुसऱ्या पडद्यावर यादीतल्या 'फाइल' या ओळीवर दोनदा क्लिक करा. इथे एक खाच आहे. ते आपणहून दाबलेल्या स्वरूपातली इमेज सुचवतं, आणि ती बाकीच्या सॉफ्टवेअरना वाचता येत नाही. फाइलचा प्रकार बदलून साधी, न दाबलेली आयएमजी निवडा. मग 'स्टार्ट'.

कार्ड खरोखर आजारी असेल, मध्येच अडकत असेल, तर माझी पसंती लिनक्सवरच्या ग्नू डीडीरेस्क्यूला. त्यासाठी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकावं लागत नाही, उबंटूची पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करा. त्यात पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. नवखे इथेच अडतात.

डीडीरेस्क्यूची खुबी तिच्या मॅप फाइलमध्ये आहे. कुठला भाग वाचला, कुठला राहिला, कुठे दगा दिला, याचं टिपण ती ठेवते. कार्ड मध्येच गायब झालं किंवा लाइट गेली, तर तीच कमांड पुन्हा द्या, काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं. कमांडमध्ये तीन गोष्टी याच क्रमाने लिहायच्या: कार्ड, इमेज फाइल, मॅप फाइल. कार्ड कोणतं हे 'एलएसबीएलके' कमांड देऊन क्षमतेवरून ओळखा. एसडीबी१ असा आकडा लावलेला पार्टिशन, म्हणजे कार्डाचा नुसता एक भाग, घेऊ नका, अख्खं एसडीबी घ्या. लॅपटॉपच्या आतल्या खाचेत कार्ड असेल तर त्याचं नाव बहुधा एमएमसीबीएलके० असं दिसतं. उबंटूने कार्ड आपोआप माउंट केलं असेल, म्हणजे वापरायला उघडलं असेल, तर आधी अनमाउंट करा.

पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्या. त्याने सहज वाचता येणारा सगळा भाग आधी पदरात पडतो आणि खराब जागांवर डोकं आपटणं पुढे ढकललं जातं. मरायला टेकलेल्या कार्डाच्या बाबतीत हा क्रम महत्त्वाचा: आधी चांगला ९५ टक्के भाग, मग उरलेल्यासाठी झगडा. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून 'डी' आणि 'आर३' द्या, म्हणजे मधली कॅश (सिस्टिमची तात्पुरती साठवण) टाळून खराब जागा तीनदा वाचायचा प्रयत्न होतो. तरी अडलं तर कॅपिटल 'आर' देऊन उलट्या दिशेने वाचून बघा. कधीकधी रीडर बदलला तरी आणखी थोडे सेक्टर सुटतात. मॅप फाइल तीच असल्याने आधीची कमाई कुठे जात नाही.

डीडीरेस्क्यू जर 'फोर्स' पर्याय द्या म्हणून अडून बसली, तर तो देऊ नका. तुम्ही लिहायचं ठिकाण म्हणून एखादी डिस्कच दिलीय, बहुतेक नावांचा क्रम उलटा झालाय. फोर्स दिला असता तर कार्डच पुसलं गेलं असतं.

इमेज पूर्ण झाली की कार्ड काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. त्यावर तारीख आणि कामाचं नाव लिहा. इमेजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही टाका.

इमेजमधून फोटो काढणे: आधी नावानिशी

बहुतेक लोक थेट फोटोरेककडे धावतात (त्याबद्दल पुढे). मी आधी डीएमडीई किंवा टेस्टडिस्क या रिकव्हरीच्या साधनांनी बघतो, कारण फाइल सिस्टिम अर्धवट शाबूत असेल तर फोटो मूळ नावानिशी आणि फोल्डरनिशी मिळतात. तीन दिवसांच्या लग्नाचे दोन हजार फोटो क्रमाने लागलेले मिळणं आणि विस्कटलेले मिळणं यात एडिटरचा अख्खा आठवडा जातो.

बरेचदा बिघाड फक्त बूट सेक्टरचा असतो, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीच्या माहितीचा. फॅट-३२ आणि एक्सफॅट दोन्ही त्याची राखीव प्रत कार्डावरच ठेवतात आणि ही साधनं ती शोधू शकतात. डीएमडीईमध्ये 'डिस्क इमेज' निवडून तुमची आयएमजी उघडा आणि पूर्ण स्कॅन लावा. सापडलेल्या फाइल सिस्टिमपैकी ज्यात डीसीआयएम हा कॅमेऱ्याचा फोटोंचा फोल्डर दिसतो ती उघडा. मोफत आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलींपर्यंत काढता येतात. कॅमेरा एवीतेवी फोटो वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे घरगुती कामाला ते पुरतं. पैसे देऊन पूर्ण आवृत्ती घेण्यापूर्वी एखादी फाइल उघडून बघा. नाव आणि साइज बरोबर असूनही आत कचरा असू शकतो.

मग फोटोरेक

फोटोरेक हे क्रिस्तोफ ग्रनिए यांचं मोफत, मुक्त स्रोत साधन टेस्टडिस्कच्याच पुडक्यात येतं. ते फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. सेक्टर वाचत जातं आणि ओळखीची खूण शोधतं. प्रत्येक जेपीईजी एफएफ, डी८, एफएफ या बाइटांनी सुरू होते. अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलायची, हे त्याचं तंत्र.

विंडोजवर खिडकीवाली क्यूफोटोरेक वापरा. 'अॅड अ रॉ डिस्क इमेज' म्हणून तुमची इमेज द्या. पार्टिशनच्या यादीत 'होल डिस्क'ची ओळ निवडा. फाइल सिस्टिमच्या प्रकारात फॅट असलेला पर्याय ठेवा. त्याच्या बाजूला 'फ्री' आणि 'होल' असे दोन पर्याय असतात. फक्त डिलीट झालेले फोटो हवे असतील आणि बाकी कार्ड ठीक असेल तर 'फ्री', करप्ट कार्डाला 'होल'.

'फाइल फॉरमॅट्स'मध्ये आधी सगळे टिक काढा, नाहीतर शेकडो भलत्याच फाइली निघतील. मग जेपीजी, टीआयएफ आणि एमओव्ही एवढे लावा. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ आणि सोनीची एआरडब्ल्यू ही मुळात टीआयएफएफची भावंडं, म्हणून ती टीआयएफमध्ये येतात. कॅननची नवी सीआर३ आणि एमपी४ व्हिडिओ हे एमओव्हीत. फुजी वापरणाऱ्यांनी आरएएफही टिक करावं. साठवायची जागा कॉम्प्युटरवरची द्या आणि शोध सुरू करा.

निघालेले फोटो 'रीकप_डीआयआर' नावाच्या फोल्डरांमध्ये पडतात. मूळ नावं गेलेली असतात. एफ या अक्षरापुढे जो लांबलचक आकडा दिसतो तो फाइल सापडलेल्या सेक्टरचा आहे, त्यामुळे कोऱ्या कार्डावर सलग काढलेले फोटो नावाने लावले तरी साधारण क्रमात येतात. टीने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे छोटे थंबनेल. फोटो काढल्याची वेळ मात्र प्रत्येक फोटोच्या आत एक्सिफ नावाच्या नोंदीत असते. एक्सिफटूल या मोफत साधनाने सगळ्यांना त्या वेळेवरून एकदम नवी नावं देता येतात. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर इथे लगेच कळतं.

अर्धवट निघालेल्या फाइली

फोटो वरून ठीक आणि खाली करडा, किंवा मध्येच दुसऱ्याच फोटोची पट्टी. याचा अर्थ फाइल तुकड्यांत साठवलेली होती किंवा तिच्या मधले सेक्टर गेले. करडा भाग परत आणणारं जादूचं बटण कुठल्याही 'जेपीईजी रिपेअर'मध्ये नाही. जो मजकूरच नाही तो कुठून येणार?

रॉ फाइल उघडत नसेल तर मात्र हार मानू नका. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेली जेपीईजी असते, सीआर२ आणि एनईएफमध्ये तर बहुधा पूर्ण आकाराची. एक्सिफटूलने ती वेगळी काढता येते. अल्बमच्या पानाला तेवढी पुरते, गिऱ्हाइकाला फरकही कळत नाही.

व्हिडिओचं दुखणं वेगळं. एमपी४ची सूची बरेच कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर फाइलच्या शेवटी लिहितात. मध्येच बॅटरी गेली तर चित्र असतं, सूची नसते, आणि फाइल कशातच चालत नाही. अनट्रंक हे साधन त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगने काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून घेऊन सूची पुन्हा रचतं. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

लॅबला द्यायचं तर

कंट्रोलर गेलेलं किंवा मोडलेलं कार्ड म्हणजे लॅबचं काम. मायक्रोएसडी आणि हल्लीची बरीच एसडी कार्डं एकसंध असतात, म्हणजे कंट्रोलर आणि मेमरी एकाच तुकड्यात ओतलेले. लॅबवाले वरचा थर खरवडून आतले तांत्रिक बिंदू उघडे करतात, त्यांना केसासारख्या तारा डकवतात आणि मेमरी थेट वाचतात. निघणारा मजकूर कंट्रोलरने विस्कटलेला असतो, तो सांधायला पीसी-३०००सारखी खास यंत्रणा लागते. कार्डाला तडा आतल्या मेमरीवरूनच गेला असेल तर तिथेही उपाय नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'डेटा रिकव्हरी'ची पाटी दिसली तरी काम तिथेच होईल असं नाही. बरेच जण कार्ड पुढे पाठवतात. तेव्हा विचारा: एकसंध कार्डाचं काम तुमच्याकडेच होतं का? तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा निघाला नाही तर काही द्यायचं का? पैसे भरण्यापूर्वी निघालेल्या फाइलींची यादी आणि दोन-चार फोटो दाखवणार का? याआधी कुठली साधनं चालवली, हे त्यांना खरंखरं सांगा. इमेज आणि मॅप फाइल असेल तर तीही सोबत द्या.

वॉरंटीचं कार्ड बदलून घेण्यापूर्वी हे सगळं उरकून घ्या. वॉरंटी कार्डाची असते, फोटोंची नसते, आणि दुकानात जमा केलेलं जुनं कार्ड परत येत नाही.

फोटो मिळाले की त्या कार्डाचं काय हा प्रश्न उरतो. चुकून डिलीट झालं होतं, बाकी कार्ड ठणठणीत आहे, तर फॉरमॅट करून पुन्हा वापरा. करप्ट झालं असेल तर गिऱ्हाइकाला अल्बम पोचेपर्यंत कार्ड आणि इमेज दोन्ही जपा, मग विंडोजवरच्या एच२टेस्टडब्ल्यू या साधनाने तपासा. ते अख्खं कार्ड भरून पुन्हा वाचतं, म्हणून ते आधी चालवायचं नाही. मॅक आणि लिनक्सवर हेच काम एफ३ करतं. १२८ जीबी छापलेलं कार्ड आतून १६ जीबीचं निघालं तर तुमचे शेवटचे फोटो का गेले त्याचं उत्तर मिळालं. बनावट कार्ड खऱ्या क्षमतेपर्यंत नीट वागतं आणि पुढचं सगळं गिळतं. तसलं कार्ड दुकानदाराच्या तोंडावर मारा. एकही चूक दाखवणारं अस्सल कार्ड असेल तर कात्रीने दोन तुकडे करा, नाहीतर सहायकाच्या बॅगेतून ते पुढच्या मुहूर्ताला परत कॅमेऱ्यात जातं.